कपाट भरलेलं, तरी घालायला काही नाही: मला लागू पडलेला उपाय

लक्षण असं: कपाटाचं दार लागत नाही, पण सकाळी ऑफिसला निघताना हातात तेच ते ड्रेस येतात. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या सेलमधून नवे कुर्ते आणले, बहिणीला विचारलं, वैताग तेवढा वाढला. कशावर काय घालायचं ते सांगणाऱ्या स्टायलिंगवाल्या ताईंची फी भरण्याआधी मग हे केलं, याच क्रमाने.

आधी कपाटाला हात लावला नाही. फोनमधले फोटो चाळून गेल्या महिन्यात कुठे कुठे गेले ते कागदावर लिहिलं. ऑफिस, ऑफिस, एक बारसं, पुन्हा ऑफिस.

मग सगळे कपडे पलंगावर काढले आणि न घातलेल्या प्रत्येकाला कारणाची चिठ्ठी टाचली. ‘आवडत नाही’ चालणार नाही, नेमकं लिहायचं: ‘ब्लाउज घट्ट’, ‘फॉल-पिको राहिलं’, ‘खाली काही जुळत नाही’, ‘पावसात वाळत नाही’. कंटाळवाणं आहे, पण सगळी गोम इथेच.

नंतर सारख्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे केले. सगळ्यात मोठा ‘जुळत नाही’चा. म्हणजे कुर्ते भरपूर, एकरंगी सलवारी जवळजवळ नाहीतच. दुसरा पावसाचा: जाड सुती कापड पाणी धरून ठेवतं, पॉलिस्टरमिश्रित लवकर वाळतं.

फॉल-पिको आणि ब्लाउज शिंपीकाकांकडे दिले. शिलाईत आत माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली असेल तर ब्लाउज उसवून सैल होतो; नसेल तर नवा शिवायचा. उरलेली यादी ताईंना दाखवली, बरोबर ऑफिसचे कुर्तेही नेले. सलवारींचे रंग तेवढे त्यांनी ठरवून दिले.