ग्रीन बिल्डिंगचं लाइट बिल कमी का येत नाही, ते असं शोधा

ग्रीन, म्हणजे पर्यावरणपूरक बिल्डिंगला मिळणाऱ्या लीडसारख्या (LEED) सर्टिफिकेटमध्ये एनर्जीचे मार्क बऱ्याचदा वापराचा अंदाज बांधणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेलवर मिळतात, आणि मॉडेलमधली माणसं फार शहाणी असतात, वेळेवर येतात, वेळेवर जातात. खऱ्या बिल्डिंगमध्ये असं कोण वागतं? म्हणून आधी त्या मॉडेलचा रिपोर्ट मागवा, त्यात किती माणसं, किती तास, किती कॉम्प्युटर धरलेत ते बघा.

मग मीटरचं तासातासाचं रीडिंग काढा. रात्री 2 वाजता, सगळं रिकामं असताना, वापर दुपारच्या निम्मा असेल तर चोर तिथेच सापडला म्हणा. बहुतेक वेळा काय होतं, कुणीतरी एखाद्या रविवारी कार्यक्रमासाठी एसीचा टायमर बायपास केलेला असतो आणि परत ऑटोवर टाकायचं राहूनच जातं, मग पंप, ब्लोअर वर्षभर रात्रंदिवस चालूच. मला तर पॅनेलवर 'मॅन्युअल'वर असलेला स्विच दिसला की मी आधी तिथेच थांबतो.

एसीच्या तापमान सेन्सरशेजारी साधा थर्मामीटर धरून बघा, सेन्सर थर्मामीटरपेक्षा 2 डिग्री जास्त दाखवत असेल तर एसी उगाच राबतोय. आणि एसी, लाइट, सर्व्हर यांना वेगळे सब-मीटर नसतील तर आधी ते बसवा, नाहीतर नुसतेच अंदाज.