कोल्हापुरी चपलेच्या नोंदणीत कारागिराने आपले नाव कसे लावावे

जून २०२५ मध्ये मिलान येथे इटालियन फॅशन कंपनी प्राडाच्या शोमध्ये कोल्हापुरीच्या घडणीच्या चपला झळकल्या, तेव्हा कोल्हापूरचा उल्लेखही झाला नव्हता. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातील मालाच्या नावाची कायदेशीर नोंद, ही त्या नावाचे रक्षण करते, घडणीचे नव्हे, त्यामुळे नाव न घेणाऱ्याला रोखणे कठीण जाते. पण निदान नावावरचा हक्क तरी कारागिराच्या हाती असायला हवा, आणि तो आपोआप मिळत नाही.

२०१९ मध्ये मिळालेले हे मानांकन महाराष्ट्र व कर्नाटकातील दोन चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर किंवा कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांत चपला करणाऱ्याने चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयाकडे 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र अर्ज करावा. २०२० च्या नियमदुरुस्तीने त्याचे शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आले आहे. भौगोलिक मानांकन कायद्यातील 'उत्पादक' या व्याख्येत व्यापारीही येतो, म्हणून दुकानदाराची नोंद झाली आणि शिवणाऱ्याची राहिली, असे सहज घडू शकते.

अर्जाचा गाभा म्हणजे आपण उत्पादक कसे, हे सांगणारे निवेदन. ते एजंटाच्या ठोकळेबाज मजकुरावर सोडू नये. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेले कातडे कोठून येते, तळाचे थर कसे जुळवले जातात, रापीने काय कापले जाते, दोऱ्याऐवजी कातड्याची वादी कशी ओवली जाते, कान (चपलेच्या बाजूंचे कातड्याचे तुकडे) कोण बसवते, हे सारे आपल्याच शब्दांत लिहावे. कारण पिढ्यान्‌पिढ्या हातात राहिलेले हे ज्ञान बहुधा प्रथमच कागदावर येत असते. वेणी गुंफणे आणि वरची कलाकुसर हे काम घरोघरी स्त्रिया करतात, पण अर्जावर नाव मात्र कर्त्या पुरुषाचेच पडते. माझा आग्रह असा की, त्या स्त्रीने स्वतःच्या नावे वेगळा अर्ज करावा. दहा रुपयांसाठी तिचे कसब निनावी राहू देऊ नये.

ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा आणि असल्यास हस्तकला कारागीर ओळखपत्र जोडावे, अर्जाची प्रत महामंडळाला पाठवावी आणि पोच जपून ठेवावी. अर्ज मानांकन पत्रिकेत प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी तीन महिन्यांची मुदत असते. नोंद दहा वर्षे टिकते, मात्र मूळ मानांकनाची मुदत आधी संपल्यास तीही तेव्हाच संपते. म्हणून दोन्ही तारखा लिहून ठेवाव्यात.

नोंद झाल्यावर प्रत्येक बिलावर मानांकनाचे नाव आणि आपला नोंदणी क्रमांक घालावा. दुसऱ्या कोणी यंत्रावर केलेला माल 'कोल्हापुरी' म्हणून विकला, तर त्याच कायद्याच्या कलम २१ नुसार अधिकृत वापरकर्त्यालाही दाद मागता येते. त्यासाठी त्या मालाची पावती, छायाचित्र आणि विकत घेतलेला एक जोड पुरावा म्हणून ठेवावा. खोट्या मानांकनाच्या वापराला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

ही सारी नोंद भारतापुरतीच लागू आहे. युरोपीय संघात १ डिसेंबर २०२५ पासून हस्तकलेच्या वस्तूंनाही भौगोलिक मानांकन मिळू लागले आहे, आणि त्यासाठी बाहेरच्या देशांतील उत्पादकांनाही अर्ज करता येतो. महामंडळांनी तो करावा, अशी लेखी मागणी नोंदणीकृत कारागिरांनी एकत्र सह्या करून आताच द्यावी आणि तिचीही पोच घ्यावी.