तेल कमी पडेल म्हणून तयारी करताय? मग या चुका टाळा

आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरनं आणतो, त्यामुळे आखाती तेलाची जहाजं जिथनं निघतात त्या होर्मुझच्या सामुद्रधुनीकडे जरा खुट्ट झालं की वाडीत मिटिंग बसते आणि पहिला ठराव कायम तोच, दोन बॅरल डिझेल भरून ठेवूया.

अरे पण आपल्या कोकणच्या दमट हवेत अर्धवट भरलेल्या बॅरलला आतनं घाम सुटतो, ते पाणी तळाला बसतं, पाणी आणि डिझेलच्या मध्ये बुळबुळीत गाळ धरतो आणि तो जातो थेट फिल्टरमध्ये. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडकडे कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. एका गावात नळपाणी योजनेला जनरेटर होता, ताडपत्रीत छान गुंडाळलेला. चालू करायला गेले तर दोनदा खोकला आणि गप्प. फिल्टर उघडला तर काळा चिखल, नवीन फिल्टर तालुक्याला, आणि रस्ताभर झाडं आडवी. त्यात नळ आले म्हणून जुन्या विहिरीचा रहाट कधीच भंगारात घातलेला, वर स्लॅब टाकलेला. शेवटी पहारीने स्लॅब फोडला आणि कळशीला दोर बांधला!

माझी सवय सांगतो. महिन्यातनं एकदा जनरेटर पंपाचा लोड देऊन अर्धा तास चालवायचा, टाकीच्या तळाचं पाणी काढायचं, जुनं डिझेल आधी संपवायचं, एक फिल्टर घरात ठेवायचा. आणि विहिरीवर रहाट पाहिजे म्हणजे पाहिजेच. नव्या पोरांना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना मोबाईलवरनं चालू होणारा पंप हवा असतो, मग बसा रेंज शोधत.

पेट्रोल कॅनमध्ये साठवू नका. त्यात मिसळलेलं इथेनॉल ओल ओढून घेतं, शिवाय घरात आगीला आमंत्रण.

दुसरी चूक पोटाची. भाजी घाटावरनं ट्रकने येते, म्हणजे आपली कोथिंबीरसुद्धा डिझेल पिते. भात कापलं की जमिनीतल्या ओलीवर कुळीथ, पावटा आरामात होतो, आपल्या आज्या तेच करायच्या, पण आता निम्मं शेत पडीक आणि मालक मुंबईला. कोणी म्हणेल माकडं ठेवत नाहीत, गुरं मोकाट सुटतात. खरंय, म्हणून एकट्याने करू नका, चारपाच जणांनी लागून असलेले कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे, एकत्र करा, राखण पाळीने. बियाणं घरचं ठेवा. एका सीझनमध्ये जमलं नाही म्हणून सोडणारे लई बघितले.

बोटवाल्यांनो, मासे लांब गेले म्हणून मोठं इंजिन बसवणं म्हणजे डिझेलचं कर्ज आणखी वाढवणं.

सगळ्यांनी गॅसवर विसंबून गोठ्यातला गोबरगॅस बुजवू नका.

आणि कोकण रेल्वे २०२२ पासून पूर्ण विजेवर आली म्हणून खूश होऊ नका, स्टेशनपासून घरापर्यंत वडापची शेअर जीपच आहे. तालुक्याला कोणाची गाडी कधी जाते ते देवळाच्या फळ्यावर लिहायला सुरुवात करा. आमच्याकडे एकाच बँकेत एकाच सकाळी तीन बाईक जातात, तिघेही शेजारी.