शनिवार-रविवारची वाडी: होळी ते अक्षय्य तृतीया

घर ठाण्यात किंवा नेरूळला आणि दहा-वीस गुंठे मुरबाड, शहापूर किंवा बदलापूरच्या पुढे, अशी कुटुंबं आता पुष्कळ आहेत. जागा बहुतेक जण पावसाळ्यात बघतात. सगळं हिरवं असतं, ओढा वाहत असतो, विहीर काठोकाठ भरलेली असते. ती जागा काय आहे हे कळतं होळीनंतर. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, मोडकसागर अशी मुंबईला पाणी देणारी धरणं आहेत, तरी त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिलमध्ये टँकर फिरतात. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना पहिलं सांगणं हेच: आपण शेतावर असतो त्या दोन दिवसांची आखणी कोणीही करतं, तुम्ही आखणी करा ती आपण नसतो त्या पाच दिवसांची. पीक कुठलं, टाकी केवढी, कोंबडी कधी बसवायची, सगळं त्यावरून ठरतं.

आधी पाणी. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. एप्रिलच्या उन्हात भाजीला रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे गुंठ्याला ५०० ते ६०० लिटर. पाच दिवसांचे झाले अडीच-तीन हजार. एवढं साठवायची सोय नसेल तर पहिल्या वर्षी अर्धाच गुंठा भाजी करा आणि २००० लिटरची काळी टाकी दहा फुटी चौथऱ्यावर बसवा. काळीच, कारण फिकट टाकीत ऊन आत जाऊन शेवाळं धरतं आणि ते ठिबकमध्ये अडकतं.

इथे हमखास दोन चुका होतात. दहा फुटांवरच्या टाकीतून दाब मिळतो जेमतेम चौरस सेंटिमीटरला ०.३ किलो. तासाला ४ लिटरचा म्हणून घेतलेला ड्रीपर त्या दाबावर दोन-सव्वादोन लिटरच देतो. त्यामुळे पाकिटावरच्या आकड्यावर वेळ ठरवू नका. ड्रीपरखाली वाटी ठेवा, पंधरा मिनिटांनी मापात ओता. अर्धा लिटरच्या आसपास भरलं, तर झाडाला लिटरभर पाणी द्यायला अर्धा तास लागणार. लांबच्या टोकाला पाव लिटरच मिळत असेल तर नळी फार लांब गेलीय किंवा फिल्टर भरलाय. दुसरी चूक टायमरची. नळावर बसणारे बरेच बॅटरी टायमर सोलेनॉइडवाले असतात, त्यांना उघडायला-बंद व्हायला दाब लागतो. टाकीच्या पाण्यावर ते अर्धवट उघडतात किंवा उघडेच राहतात आणि सोमवारीच टाकी रिकामी होते. बॉल व्हॉल्व्हवाला टायमर घ्या, तो कमी दाबावरही चालतो. दर शनिवारी गेल्या गेल्या फिल्टरची जाळी ब्रशने धुवायची आणि प्रत्येक नळीचं टोक उघडून पाणी सोडायचं. आधी तांबूस गढूळ येतं, मग स्वच्छ. स्वच्छ आल्यावरच टोक मुडपायचं.

आता भाजी. भेंडी सगळ्यांना लावाविशी वाटते आणि उन्हाळ्यात ती येतेही छान, पण ती आठवडाभर थांबत नाही. फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत शेंग तोडायला येते, मग दिवसाआड तोडणी. शेंगेचं शेपूट बोटाने वाकवून बघा: टक्कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. रविवारी सोडलेली बोटभर भेंडी शनिवारी काठीसारखी झालेली असते, आणि वाईट म्हणजे जून शेंगा राहिल्या की झाड नवीन फुलं धरणं कमी करतं. काकडीचंही तसंच. गावात रोज तोडणारं माणूस असेल, त्यांच्या घरीही भाजी जाणार असेल, तर जरूर लावा. नसेल तर थांबणारी पिकं घ्या: वांगी, मिरची, लाल भोपळा. मिरची झाडावर लाल झाली तरी वाया जात नाही. भोपळा तर आठवडे थांबतो.

भेंडीची पानं शिरांनी पिवळी पडली तर तो हळद्या, पांढऱ्या माशीतून पसरणारा विषाणू. त्यावर औषध नाही. झाड उपटून पुरायचं, आणि माशी आवरायला ५ टक्के निंबोळी अर्क मारायचा: अर्धा किलो निंबोळी भुकटी थोड्या पाण्यात रात्रभर भिजत घालायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, पाणी दहा लिटर करायचं, चमचाभर साबणाचं पाणी टाकायचं. फवारणी संध्याकाळीच. दुपारी मारलात तर पानं भाजतात.

आंब्याची झाडं आयती मिळाली असतील तर आनंद आहे, पण फाल्गुनात कैरी गळायला लागली की घाबरून रोज पाणी देऊ नका. कैरी वाटाण्याएवढी झाल्यापासून अंड्याएवढी होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी मोठ्या झाडाला १५० ते २०० लिटर पुरतं. हे ठिबकवर सोडू नका, पंप लावून शनिवारी द्या. आणि बुंध्याशी ओतायचं नाही: पाणी पिणारी मुळं फांद्यांच्या टोकाखाली असतात, आळं तिथे गोल काढायचं. गळ कमी करायला वाटाणा, गोटी आणि अंडं या तिन्ही टप्प्यांवर १ टक्का पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे दहा लिटरला १०० ग्रॅम १३:०:४५ खत, फवारतात. काढणीआधी महिनाभर पाणी बंद. हापूस असेल तर झाडाखाली वाळलं गवत पसरा, तापलेल्या जमिनीची धग फळाला लागली की आत साका होतो, म्हणजे गर पांढरट, स्पंजासारखा होतो. गवत बुंध्यापासून फूटभर लांब ठेवा, नाहीतर वाळवी चढते.

हे गवत कुठून आणायचं? कुंपणाकडून. होळीच्या आत कुंपणालगत दहा फुटांचा पट्टा साफ झालाच पाहिजे. या दिवसांत आजूबाजूला भाताचे राब भाजतात, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळतात, डोंगराला वणवे लागतात आणि दुपारच्या वाऱ्यावर एक ठिणगी पुरते. ठिबकच्या नळ्या मेणासारख्या वितळतात, कलमं होरपळतात, आणि हे सगळं बुधवारी घडतं, तुम्ही कचेरीत असताना. शेजारी राब कधी भाजणार हे आधीच विचारून ठेवा. गावात ते सहज सांगतात.

कोंबड्यांचं वेळापत्रक मात्र शनिवारशी छान जुळतं. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे खुराड्यात बसून राहते, पिसं फुलवते, हात नेला की टोचते, तर शनिवारी संध्याकाळी पाटीत पेंढा घालून तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवा. पुढच्या शनिवारी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरा: कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या की जीव धरलाय, नितळ दिसलं ते अंडं काढून टाका. एकवीस दिवस म्हणजे बरोबर तिसरा शनिवार, पिल्लं निघताना तुम्ही तिथे असता. अंडी चार-पाच दिवसांहून जुनी नकोत. उन्हाळ्यात नुसत्या हवेच्या उष्णतेने गर्भ अर्धवट वाढतो आणि मरतो, म्हणून साठवण माठाशेजारी गारव्याला करा आणि शक्यतो एप्रिल लागायच्या आत बसवा. पिल्लांना सातव्या दिवशी मानमोडी रोगाची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. लस बर्फातूनच न्यायची, कालवल्यावर तासा-दोन तासांत संपवायची. डब्यात गरम झालेली लस दिली काय, न दिली काय, सारखंच.

माणसांचंही वेळापत्रक समजून घ्या. होळीचे दिवस गावात कामाला कोणी येणार नाही, मागे लागूही नये. बरीच आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. चैत्रात पहाटे घरोघरची माणसं मोहाची फुलं वेचायला गेलेली असतात. नव्या कलमांसाठी मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे खणायचे असतील तर फेब्रुवारीतच माणसं सांगून ठेवा, एप्रिलमध्ये मुरूम दगडासारखा होतो. खड्डे उन्हात तापू द्या, भरणं मेअखेरीला.

गवताच्या आच्छादनात, लाकडांच्या ढिगात हात घालायचा नाही, आधी काठीने हलवायचं. पायात गमबूट. ठिबकच्या ओलीला बेडूक येतात, त्यांच्यामागे साप. दंश झालाच तर चिरणं, आवळून बांधणं काही नको, हालचाल कमी आणि सरळ सरकारी रुग्णालय. मुरबाडला ग्रामीण आहे, शहापूरला उपजिल्हा. रस्ता आधीच बघून ठेवा.

रविवारी निघताना टायमर लावून लगेच गाडीत बसू नका. हाताने एकदा चालू करा, अर्धा तास थांबा, शेवटच्या ओळीच्या शेवटच्या झाडाशी जाऊन माती दाबून बघा. ओली लागली आणि टायमर आपोआप बंद झाला, की फाटक लावायचं.