रात्रीचं उठणं असं कमी झालं
वय ६१, परभणीजवळ शेती. रात्री चार-चारदा लघवीला उठायचो. डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेट (पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी) थोडी वाढलीय, घाबरू नका. मुलानं मोबाइलवर आयपीएसएसचे, म्हणजे लघवीचा त्रास किती ते गुणांत मोजणारे, सात प्रश्न भरून घेतले: ३५ पैकी १७, म्हणजे मध्यम त्रास.

मग तीन दिवस किती प्यालो अन् किती लघवी झाली, त्याची वेळ अन् मिली वहीत लिहिले. जुना मापाचा प्याला न्हाणीतच ठेवला होता. तेव्हा कळलं, दिवसभर शेतात घसा कोरडा अन् जेवणानंतर तांब्याभर पाणी, वर चहा! पाणी तोडलं नाही, आपल्या उन्हात तोडूही नये. सातच्या आत उरकलं. चहा चारनंतर बंद. लघवी झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा जातो. रक्त दिसलं किंवा लघवी अडली तर मात्र लगेच दवाखाना गाठा. दीड महिना झाला, आता एकदाच उठतो. काल तर थेट कोंबडा आरवल्यावर जाग आली.