तंगीच्या काळात पॉटरी पेंटिंग स्टुडिओ चालवताना या चुका टाळा

घरखर्चाला कात्री लागली की सर्वांत आधी हॉटेल, सिनेमा आणि छंद यांवरचा खर्च आवरला जातो. पुणे, नाशिक किंवा ठाण्यासारख्या शहरात भाड्याच्या गाळ्यात चालणाऱ्या, तयार बिस्कवर (एकदा भाजलेल्या, पण काचेसारखा थर न चढवलेल्या मातीच्या वस्तूंवर) गिऱ्हाइकांकडून रंगकाम करून घेऊन ते भट्टीत भाजून देणाऱ्या छोट्या स्टुडिओला याची झळ लगेच लागते. अशा वेळी काटकसर करावीच लागते. मात्र ती कुठे करायची आणि कुठे मुळीच करायची नाही, यात बहुतेकांची गफलत होते. इतर दुकानात सदोष वस्तू बदलून देता येते. आपल्याकडे गिऱ्हाईक स्वतः रंगवलेली वस्तू विश्वासाने ठेवून जाते, आणि सहा वर्षांच्या मुलीने आजोबांसाठी रंगवलेला मग भट्टीत बिघडला तर त्याला पर्याय नसतो. म्हणून गिऱ्हाइकाच्या वस्तूला स्पर्श करणारा कोणताही खर्च, म्हणजे बिस्क, रंग, ग्लेझ (वर चढवला जाणारा काचेसारखा थर), कोन (ठरावीक उष्णता मिळाली की भट्टीत वाकणारे छोटे सुळके) आणि भट्टीची देखभाल, हा कात्री लावण्याचा शेवटचा पर्याय असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

घाईने दर पाडणे

गर्दी ओसरली की पहिला विचार सवलतीचा येतो. पाटी लावण्यापूर्वी साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, एका मगच्या रंगकामाचे आपण 600 रुपये घेतो. त्यात बिस्कचे 130, रंग आणि ग्लेझचे 40, भाजणीचे 30, तूटफूट आणि वेष्टनाचे 40 असे 240 रुपये थेट खर्च होतात आणि भाडे, पगार, वीज जोडणीचा स्थिर आकार यांसाठी 360 रुपये उरतात. 25 टक्के सवलत दिली की दर 450 रुपये होतो, पण थेट खर्च तेवढाच राहत असल्याने शिल्लक 210 रुपयांवर येते. पूर्वीइतकीच रक्कम हाती यायची असेल तर दहा गिऱ्हाइकांच्या जागी सतरा-अठरा गिऱ्हाइके यावी लागतात, आणि मंदीत ती येत नाहीत. शिवाय एकदा उतरवलेला दर पुन्हा चढवणे फार जड जाते.

त्यापेक्षा कमी किमतीची वस्तू उपलब्ध करून द्यावी. चार इंची टाइल, फ्रिज मॅग्नेट, लहान वाटी, मिठाची बुधली अशा वस्तू 250-300 रुपयांत बसवता येतात, त्यांना वेळ कमी लागतो आणि भट्टीत मगांच्या मधल्या मोकळ्या जागेत त्या सहज मावतात, त्यामुळे त्यांच्या भाजणीचा खर्च जवळपास उचललेलाच असतो. रिकाम्या दुपारी भरण्यासाठी भिशी मंडळे आणि ज्येष्ठ नागरिकांचे गट यांच्याशी बोलावे. मंगळवारी दुपारी आठ जणींचा गट आला तर त्यांना चहासह थोडा कमी दर देणे परवडते, कारण ती वेळ एरवी वाया जाणार असते.

अर्धी भट्टी लावणे

विजेची भट्टी भरलेली असो वा रिकामी, विटांचे अस्तर आणि शेल्फ तापवण्यातच तिची बरीच वीज जाते. समजा, मध्यम आकाराच्या भट्टीला एका भाजणीत 40 युनिट लागतात आणि सर्व आकार धरून युनिट 14 रुपयांना पडते. एका भाजणीचे 560 रुपये झाले. भट्टीत 40 मग असतील तर प्रत्येकी 14 रुपये पडतात, पण 12 मगांवर भट्टी लावली तर तोच आकडा 47 रुपयांपर्यंत जातो. एलिमेंटची, म्हणजे भट्टी तापवणाऱ्या तारांची, झीज मात्र दोन्ही वेळा सारखीच होते.

घाई गिऱ्हाइकापेक्षा आपल्यालाच जास्त असते. ‘वस्तू दहा ते चौदा दिवसांत मिळेल’ असे नोंदणीच्या वेळीच सांगितले तर फार थोडे लोक हरकत घेतात. वाढदिवसासाठी लवकर हवी असेल तर तातडीच्या भाजणीचे वेगळे शुल्क ठेवावे. वीजबिल नीट वाचावे, हेही येथेच सांगतो. मंजूर भार प्रत्यक्ष वापरापेक्षा फार जास्त घेतला असेल तर स्थिर आकार उगीच भरला जातो, आणि बिलात वेळेनुसार दर लागू असतील तर भाजणी स्वस्त वेळेत सुरू होईल असा टायमर लावता येतो.

स्वस्त बिस्क आणि त्यातून येणाऱ्या तक्रारी

सर्वांत जास्त नुकसान येथे होते, म्हणून याविषयी सविस्तर लिहितो.

उत्तर प्रदेशातील खुर्जा किंवा इतर ठिकाणांहून माल मागवताना केवळ नगाचा दर पाहून बिस्क घेतले जाते. माती अर्थनवेअर (कमी उष्णतेला भाजायची) आहे की स्टोनवेअर (जास्त उष्णतेला भाजायची), हे विचारलेच जात नाही. स्टोनवेअर पक्के व्हायला साधारण 1200 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक उष्णता लागते, तर आपल्या स्टुडिओंत वापरले जाणारे बहुतेक पारदर्शक ग्लेझ कोन 06 किंवा 05 ला, म्हणजे ढोबळमानाने 1000 ते 1040 अंशांना वितळते. कच्च्या राहिलेल्या स्टोनवेअरवर असे ग्लेझ चढवले की थंड होताना माती आणि ग्लेझ वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते. यालाच क्रेझिंग म्हणतात. दिसायला ते एखाद्याला आवडेलही, पण त्या भेगांतून चहा झिरपतो, आतली माती पाणी धरते, भांडे मायक्रोवेव्हमध्ये नको तितके तापते आणि काही महिन्यांत तपकिरी डाग दिसू लागतात. म्हणून नवीन पुरवठादाराच्या प्रत्येक खेपेतील दोन-तीन नग आधी आपल्या ग्लेझने भाजून, फ्रीजरमध्ये गार करून त्यांच्यावर उकळते पाणी ओतून पाहावे, मात्र वस्तू तडकू शकते हे लक्षात घेऊन ही परीक्षा सिंकमध्ये आणि जरा दूर उभे राहून करावी. भेगा उमटल्या तर ती खेप कितीही स्वस्त असली तरी मगांसाठी वापरू नये. खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठीचे ग्लेझ घेताना शिसे आणि कॅडमियम उतरत नसल्याचा चाचणी अहवाल पुरवठादाराकडून लेखी मागावा. तो मिळत नसेल तर ते ग्लेझ शोभेच्या वस्तूंपुरतेच ठेवावे.

दुसरी तक्रार ग्लेझ मागे सरकून टक्कल पडल्यासारखा कोरा ठिपका राहण्याची असते. याचे कारण बहुतेक वेळा भट्टीत नसून टेबलावर असते. वाढदिवसाच्या पार्टीत वेफर्स आणि बिस्क एकाच टेबलावर असतात. मूल तेलकट बोटांनी वाटी उचलते, बोटांच्या ठशांएवढ्या जागेत बिस्क तेल शोषून घेते आणि तेथे ओले ग्लेझ नीट बसत नाही. हाताला लावलेले क्रीम, सनस्क्रीन आणि मांडणीवरची धूळ यांचाही हाच परिणाम होतो. हात धुऊनच रंगकामाला बसायचे, खाणे रंगकाम संपल्यावर, आणि रंगवण्यापूर्वी प्रत्येक नग ओलसर स्पंजने पुसायचा, हे तीन नियम पाळले की ही तक्रार बरीच कमी होते. मुलांनी एकाच जागी रंगाचे जाड थर चढवले असतील तर तेही ग्लेझला झिडकारतात. अंडरग्लेझचे, म्हणजे ग्लेझखाली लावायच्या रंगाचे, दोन ते तीन पातळ हात पुरेसे असतात, हे सुरुवातीलाच दाखवून द्यावे. कोरा ठिपका आढळलाच तर वस्तू थोडी गरम करून त्या जागी ग्लेझ टेकवावे आणि पुढच्या भट्टीत त्याच कोनला पुन्हा भाजावे. बऱ्याच वस्तू अशा वाचतात.

ग्लेझवर सुईच्या टोकासारखी छिद्रे दिसली तर बिस्कमधून उशिरा निघणाऱ्या वायूंवर संशय घ्यावा. बिस्क ग्लेझपेक्षा जास्त, सामान्यतः कोन 04 ला (शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकांत लहान आकडा म्हणजे जास्त उष्णता) भाजलेले असावे, आणि ग्लेझ भाजणीत वरच्या तापमानाला दहा-पंधरा मिनिटे थांबावे. गडद रंगांवर दुधाळ धुके दिसत असेल तर ग्लेझ जाड बसले आहे किंवा भाजणी कमी पडली आहे.

पावसाळ्यात बिस्क हवेतील ओल शोषते आणि रंगवलेल्या वस्तू दिवसेंदिवस वाळत नाहीत. त्या तशाच भट्टीत गेल्या तर वाफेमुळे ग्लेझ उडते. जून ते सप्टेंबर या काळात भट्टी 100 अंशांच्या आसपास काही वेळ झाकण किंचित उघडे ठेवून थांबवावी आणि मगच पुढे न्यावी.

आकड्यावर विसंबून कोन बंद करणे

कंट्रोलरवर 1000 दिसते, मग साक्षीदार कोन कशाला, असे म्हणून कोनांचा खर्च थांबवला जातो. ही फार महागात पडणारी बचत आहे. थर्मोकपल (भट्टीतील तापमान मोजणारा भाग) जुने झाले की चुकीचे तापमान दाखवते. शिवाय ग्लेझ पिकणे हे केवळ तापमानावर नव्हे, तर त्या तापमानात गेलेल्या वेळेवरही अवलंबून असते आणि ते दोन्ही मिळून कोनच सांगतो. निदान दर महिन्याला एकदा वरच्या, मधल्या आणि खालच्या शेल्फवर कोन ठेवून वहीत नोंद करावी.

भाजणीला लागणारा वेळही तारखेसह लिहावा. तो हळूहळू वाढत असेल तर एलिमेंट थकले आहेत. भट्टीचा पुरवठा पूर्ण बंद करून इलेक्ट्रिशियनकडून त्यांचा विद्युत रोध मोजून घ्यावा, आणि तो मूळ आकड्यापेक्षा सुमारे 10 टक्क्यांनी वाढला असेल तर एलिमेंट बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे. मात्र वेळ अचानक वाढली तर आधी व्होल्टेज तपासावे. उन्हाळ्यात 230 चे 207 व्होल्ट झाले, तर भट्टीची शक्ती 10 नव्हे, 19 टक्क्यांनी घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. अशा दिवसांत भाजणी रात्री घेतलेली बरी.

मध्येच वीज गेली तर झाकण उघडू नये. किती अंशांवर गेली ते लिहून ठेवावे आणि वीज आल्यावर भाजणी पुढे चालू करून शेवटी कोनची खात्री करावी. भट्टी थंड होतानाही घाई नको. सुमारे 573 अंशांना मातीतील क्वार्ट्झच्या आकारमानात एकदम बदल होतो आणि त्याखालीही वस्तू ताणाखाली असतात, म्हणून गिऱ्हाईक दारात उभे असले तरी आतले तापमान 100 च्या खाली येईपर्यंत झाकणाला हात लावू नये.

उधारी आणि कच्चा हिशेब

शाळा आणि कंपन्यांच्या कार्यशाळा मंदीत मोठा आधार देतात, पण पैसे दोन-तीन महिने अडकले तर त्याच कार्यशाळा गळफास होतात. तारीख पक्की करताना निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, कारण बिस्क आपल्याला रोखीने आणावे लागते. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) विनामूल्य होते आणि ती अवश्य करून घ्यावी. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की कंपन्यांचा लेखा विभाग तो गांभीर्याने घेतो. सेवा देणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाख रुपये आहे. उलाढाल तिच्या जवळ येत असेल तर वर्षअखेरची वाट न पाहता आधीच कर सल्लागाराशी बोलावे.

दिवाळीची तयारी उशिरा करणे

वर्षाचे सर्वांत चांगले आठवडे पणत्यांचे असतात, आणि त्यासाठीचा माल ऑगस्टमध्येच सांगावा लागतो. ऐन वेळी मागवलेला माल ट्रान्सपोर्टमध्ये अडकतो आणि घाईच्या पॅकिंगमुळे जास्त फुटतो. स्थानिक कुंभारांकडून लाल मातीच्या पणत्या अवश्य घ्याव्यात. त्या स्वस्त असतात आणि पैसा गावातच राहतो. मात्र त्या कमी तापमानाला भाजलेल्या असल्याने आपल्या ग्लेझसाठी योग्य नसतात. त्या फक्त बाहेरून ॲक्रिलिकने रंगवाव्यात, वातीजवळची कड मोकळी ठेवावी, आणि तेल झिरपू शकते, म्हणून खाली ताटली ठेवायला सांगावे.

भट्टी भाड्याने देताना निष्काळजीपणा

घरी मातीकाम करणाऱ्या अनेकांकडे भट्टी नसते. त्यांच्या वस्तू भाजून देणे हे तंगीतले खात्रीचे उत्पन्न आहे, पण अनोळखी माती कधीही थेट आपल्या शेल्फवर ठेवू नये. कोन 06 ची माती चुकून कोन 6 च्या, म्हणजे कितीतरी जास्त उष्णतेच्या, भाजणीत गेली तर ती वितळून शेल्फला चिकटते, एलिमेंटवर ओघळते, आणि एका भाजणीच्या कमाईपेक्षा कितीतरी जास्त रक्कम दुरुस्तीत जाते. मातीचे नाव आणि कोन लेखी घ्यावा, प्रत्येक नगाखाली टाकाऊ बिस्कची चकती ठेवावी, शेल्फवर किल्न वॉशचा (ग्लेझ चिकटू नये म्हणून लावायच्या लेपाचा) थर ताजा ठेवावा आणि शंका असेल तर काम नाकारावे.

स्टुडिओतल्या वस्तूंच्या नोंदीबाबतही हीच शिस्त हवी. प्रत्येक नगाच्या बुडावर अंडरग्लेझ पेन्सिलने क्रमांक लिहावा, कारण साध्या पेन्सिलीचे अक्षर आगीत जळून जाते. रंगकाम झाल्यावर लगेच मोबाइलवर छायाचित्र घेऊन त्याला गिऱ्हाइकाचे नाव आणि तारीख जोडावी. तूटफुटीची शक्यता आणि तशा वेळी आपण काय देणार, हे पैसे घेण्यापूर्वी सांगून पावतीवरही छापावे. वस्तू तयार झाल्यावर व्हॉट्सॲपवर निरोप, पंधरा दिवसांनी आठवण आणि 60 दिवसांनंतर जबाबदारी नाही, असा नियम ठेवला तर मांडणीवर न नेलेल्या मगांची रांग साचत नाही आणि ती जागा पुढच्या भट्टीच्या मालाला मिळते.