ठाण्यात बसून विनोदी स्पाय थ्रिलर कशी लिहायची, तेही खऱ्या सेलिब्रिटींना घेऊन

आधी एक ठरवून टाका, सेलिब्रिटी हा हिरो नाहीये. हिरो आपल्यातलंच कोणीतरी, म्हणजे समजा वाशीच्या एपीएमसीत फळ मार्केटला हिशोब लिहिणारी मुलगी, जिला कशाचाच पत्ता नाही, आणि एक दिवस तिच्या गाळ्यावर प्रशांत दामले येऊन अगदी शांतपणे म्हणतात की ताई ती तिसरी पेटी उघडू नका. सेलिब्रिटीच्या डोक्यात शिरून लिहायला गेलात तर दोन पानांत सगळं फुस्स होतं, कारण आपण त्यांना बाहेरूनच ओळखतो आणि हसू पण तिथूनच येतं.

मग कास्टिंग. इथे बरेच जण मार खातात, ज्याचे पिक्चर आवडतात त्याला घेऊन टाकतात. त्यापेक्षा त्या माणसाबद्दल सगळ्यांना माहीत असलेली एक खरी गोष्ट घ्या आणि ती हेरगिरीत कशी कामाला येईल ते बघा. दामल्यांचा 12,500 वा प्रयोग 2022 च्या नोव्हेंबरात झाला. म्हणजे वर्षानुवर्षं आज गडकरी, उद्या भावे, परवा पुणे, मधेच परदेश दौरा, मागे टेम्पोभर सेट, आणि त्या टेम्पोत काय आहे हे कोणी कधी विचारत नाही! रॉ 1968 ला सुरू झाली, तेव्हापासून इतकं भारी कव्हर त्यांना मिळालं नसेल. किंवा अशोकमामा घ्या. पूर्णवेळ अभिनयात येण्याआधी ते बरीच वर्षं स्टेट बँकेत नोकरीला होते, हे सगळ्यांना माहितीये. तुम्ही कथेत एवढंच करायचं, की ती नोकरी त्यांनी कधी सोडलीच नाही.

आणि हे कोणाला अशक्य वाटत असेल तर त्याला जोसेफिन बेकर सांगा. दुसऱ्या महायुद्धात ही पॅरिसची स्टार गायिका फ्रेंचांसाठी माहिती बाहेर काढायची, गाण्यांच्या नोटेशनच्या कागदांवर अदृश्य शाईने लिहून. मो बर्ग नावाच्या अमेरिकन बेसबॉल खेळाडूला 1944 मध्ये खिशात पिस्तूल देऊन झुरिकला हायझेनबर्ग या जर्मन अणुशास्त्रज्ञाच्या लेक्चरला बसवलं होतं, जर्मन अणुबॉम्बच्या जवळ पोचलेत असं वाटलं तर तिथेच गोळी घाल म्हणून. तो ऐकून परत आला. तर सेलिब्रिटी हेर असणं यात नवीन काही नाही, गंमत तुम्हाला तपशिलातून काढायचीये.

तपशील म्हणजे कसा, ते सांगतो. मायक्रोफिल्म, चिप वगैरे जाऊदे, आपल्याकडे हापूसची पेटी आहे ना. पेटीवर पाच डझन लिहिलंय आणि आत एकोणसाठ आंबे, जो आंबा नाहीये तोच निरोप. साठ असले तर मीटिंग रद्द, अठ्ठावन्न असले तर पळा. एकदम सेफ कोड, फक्त एक प्रॉब्लेम, ही पेटी चुकून कोपरखैरण्याच्या एका घरात जाते आणि तिथल्या काकू पेटी उघडल्या उघडल्या आंबे मोजतात, कारण सगळेच मोजतात, आणि एक कमी भरला म्हणून भांडायला थेट मार्केटला येतात. आता रॉचा माणूस, समोरच्या देशाचा माणूस आणि काकू तिघं एकाच आंब्याच्या मागे. पहिले दोघं देशासाठी जीव द्यायला तयार आहेत, काकू मात्र पैसे परत घेतल्याशिवाय हलणार नाहीत.

चेस सीन घोडबंदर रोडवरच घ्या, प्लीज. व्हिलन काळ्या एसयूव्हीत, मामा रिक्षात, दोघं माजिवड्यावरून सुसाट निघाले आणि गायमुखच्या अलीकडे जे अडकले ते अडकलेच, शेजारी शेजारी, एकमेकांना काचेतून बघत. अर्ध्या तासाने रिक्षावाला आणि व्हिलनचा ड्रायव्हर गप्पा मारायला लागतात. इथे घाई करू नका, हा सीन चार पानं चालू शकतो. ट्रेन हवी असेल तर ठाण्याला ट्रान्स-हार्बरचा नऊ नंबर प्लॅटफॉर्म, आपली मुलगी लेडीज डब्यात चढते आणि अख्ख्या जगात ट्रेनिंग घेतलेला किलर बाहेरच थांबतो.

पण एक गोष्ट सांभाळा, सेलिब्रिटी कामात पक्का पाहिजे. तो बावळट दाखवला की उरते फक्त टिंगल. फेमस डायलॉग पण पूर्ण कथेत एकदाच, आणि तोही चुकीच्या वेळी.

आता कोर्टकचेरीचं. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 356 आहे, आणि ते गेलेल्या माणसांबद्दल लिहितानाही लागू शकतं, घरच्यांच्या भावना दुखवायच्या हेतूने लिहिलं असेल तर. लक्ष्या किंवा निळूभाऊंना आणत असाल तर डबल काळजी घ्या. वसंत गुर्जरांच्या गांधींवरच्या कवितेची केस 1994 च्या छपाईवरून सुरू होऊन 2015 ला सुप्रीम कोर्टात पोचली होती, तिथे मुद्दा मोठ्या माणसाच्या नावाने अश्लील भाषा वापरण्याचा होता, म्हणून चावट विनोद अजिबात नको. 2024 ला जॅकी श्रॉफच्या अर्जावर दिल्ली हायकोर्टाने त्याचं नाव, फोटो, आवाज परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरणाऱ्यांना रोखलं, पण एका युट्युबरच्या व्हिडिओवर मात्र लगेच बंदी घातली नाही. त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाने अरिजित सिंगच्या आवाजाच्या एआय नकलांना चाप लावला. त्यामुळे कव्हरवर खरा फोटो नको, ऑडिओ करणार असाल तर एआयने बनवलेला आवाज नको, आणि पुस्तक विकणार असाल तर आधी वकिलाला दाखवाच. अफेअर, घटस्फोट, आजारपण, पैसे, पक्ष, मुलं, यातलं काहीही कथेत येता कामा नये.

माझं स्वतःचं मोजमाप सोपंय. माणसाबद्दलचं जे खरं आहे ते जसंच्या तसं ठेवायचं, आणि जे खोटं आहे ते इतकं मोठं खोटं की शेंबडं पोर पण विश्वास ठेवणार नाही. "दामल्यांनी अमुक निर्मात्याचे पैसे बुडवले" हे छोटं खोटं, लोक खरं मानतील आणि तुम्ही अडकाल. "दामल्यांनी इंटरव्हलच्या पंधरा मिनिटांत पाणबुडी बुडवली आणि तिसऱ्या घंटेला विंगेत हजर" हे बिनधास्त चालतं.

लिहून झालं की सोसायटीतल्या अशा एकाला वाचायला द्या जो व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं खरं मानून पुढे ढकलतो, तो प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याने वाचता वाचता "हे खरंय का रे?" विचारलं की त्या ओळीवर पेन्सिलने खूण करा आणि घरी येऊन तिथली पाणबुडी अजून मोठी करा.